धर्मांतरानंतरचे पंथांतर : गोऱ्हे, रमाबाई, टिळक

मराठी वाङ्मयेतिहासात 'धर्मांतर' हा शब्द चांगला रुळला आहे. 'पंथांतर' हा मात्र अद्याप परका वाटतो. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा बाप्तिस्मा १८४८ चा, बाबा पदमनजींचा १८५४ चा, पंडिता रमाबाईंचा १८८३ चा आणि नारायण वामन टिळकांचा १८९५ चा. ही सनावळी साहित्याच्या विद्यार्थ्याला पाठ असते. या चार तारखांपाशी आपला इतिहास क्षणभर थांबतो, कारणमीमांसा करतो, तत्कालीन वृत्तपत्रांतील गदारोळ नोंदवतो आणि पुढे 'ख्रिस्ती लेखक' या एका कोंदणात त्या व्यक्तीला बसवून मोकळा होतो. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर पडलेला माणूस एका निश्चित, अखंड आणि एकमुखी अशा घरात गेला, व पुढे आयुष्यभर तिथेच राहिला.

वस्तुस्थिती तशी नव्हती. ख्रिस्ती धर्म हे एक घर नव्हते. ती एक आळी होती, आणि त्या आळीतल्या घरांचे एकमेकांशी फारसे सख्यही नव्हते. या चौघांपैकी निदान तिघे तरी पहिल्या घरात स्थिर राहिले नाहीत. गोऱ्हे एका बाजूला गेले, रमाबाई नेमक्या उलट बाजूला गेल्या आणि टिळकांनी आळीच्या बाहेर, उघड्या मैदानात, मांडव घातला. हा दुसरा प्रवास पहिल्याइतकाच कष्टाचा होता. माझ्या मते वाङ्मयाच्या दृष्टीने तो पहिल्याहून अधिक फलदायी होता. असे असूनही त्याकडे दुर्लक्ष का झाले, याचे एक साधे कारण आहे. पंथांतराला बहुधा तारीख नसते.

बहुधा असे म्हणण्याचे कारण, ज्याला तारीख असते असेही एक पंथांतर आहे. आणि फरक स्पष्ट होण्यासाठी आधी ते पाहिले पाहिजे. होसकोटे, बंगळूर, कोलार हा मुलूख सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता, आणि कानडी मुलखातल्या मराठीचा एक धागा तिथून निघतो. होसकोट्याहून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच वेळात ज्या बंगळूर शहरात आपण शिरतो, तिथे आज ख्रिस्ती धर्माच्या जवळजवळ सर्व शाखा नांदताना दिसतात : कॅथलिक, दक्षिण भारतीय मंडळी अर्थात सी.एस.आय., मेथडिस्ट, मार्थोमा, पेंटेकोस्टल आणि मॉर्मन. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ याने स्थापिलेल्या या शेवटच्या पंथाचे स्वतंत्र मिशन बंगळुरात १९९३ मध्ये सुरू झाले. २०१८ मध्ये तिथे मंदिर उभारण्याची घोषणा झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पायाभरणी झाली.

मॉर्मन मंडळी स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, बायबल मानतात. पण त्याच्या जोडीला 'मॉर्मनचा ग्रंथ' हे आणखी एक धर्मशास्त्र मानतात, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन पृथक् अस्तित्वे असलेले आहेत असे शिकवतात. परंपरागत त्रैक्याच्या सिद्धांतात हे बसत नाही. त्यामुळे या पंथातून दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत जाणाऱ्या माणसाला एक विलक्षण अनुभव येतो. आपण ख्रिस्तीच होतो आणि ख्रिस्तीच राहणार आहोत, अशी त्याची समजूत असते. पण नवी मंडळी त्याला पुन्हा पाण्याजवळ उभे करते. मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही असा निर्णय व्हॅटिकनने २००१ मध्ये दिला. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट मंडळीने आदल्याच वर्षी त्याच अर्थाची भूमिका घेतली होती. उलट दिशेनेही तेच : मॉर्मन पंथ इतरांचा बाप्तिस्मा मानत नाही. म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी, दोन्ही वेळा नोंदवही. शब्द तेच, पाणीही तेच. मग पहिल्या वेळी आपण नेमके काय केले होते, हा प्रश्न अशा माणसाच्या मनात उरल्याशिवाय राहत नाही.

हा पंथ आपल्याला वाटतो तितका नवा नाही, हेही जाता जाता नोंदवले पाहिजे. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास आला. कलकत्त्यात त्याचे सहधर्मी वर्षभर आधीच आले होते. पुण्याच्या लष्करी छावणीत त्याला मुक्तद्वार मिळाले नाही. तरीही एक लहानशी शाखा त्याने उभी केली. त्याचे श्रोते प्रामुख्याने युरोपीय आणि मिश्रवंशीय होते, म्हणजे जन्माने दुसऱ्या कुठल्यातरी चर्चचे. १८५० च्या दशकाच्या मध्यावर हे सारे मिशन गुंडाळले गेले. मराठी वाङ्मयावर त्याचा ओरखडाही उमटला नाही. पण हा प्रसंग एका गोष्टीची साक्ष देतो : पुण्यात ज्या दशकात हिंदूंच्या ख्रिस्ती होण्यावरून वादळ उठत होते, त्याच दशकात ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला आपल्या चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये ओढण्याचा उद्योगही चालू होता, आणि गोऱ्या समाजाला तो पहिल्या उद्योगाइतकाच नव्हे, काकणभर अधिकच झोंबत होता.

आता मराठी मुलखाकडे वळू. इथे जी प्रॉटेस्टंट मिशने आली त्यांनी एकमेकांचा बाप्तिस्मा बहुतांशी मान्य केला आणि मुलूख वाटून घेतला. अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनकडे, पुणे मुख्यतः स्कॉटिश मिशनकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, कोल्हापूर अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे, बेळगाव लंडन मिशनकडे. अर्थात धर्मांतरिताचा पंथ त्याने निवडलेला नसे. तो त्याच्या तालुक्याने ठरवलेला असे. अहमदनगरचा महार कुटुंबप्रमुख काँग्रिगेशनल झाला आणि नाशिकचा अँग्लिकन झाला, तो दोघांनी धर्मशास्त्राचा तौलनिक अभ्यास केला म्हणून नव्हे. याचा एक बोलका दाखला बेळगावचा आहे. ज्या लंडन मिशनच्या छायेत बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला, त्या मिशनने आपले बेळगावचे काम १९०४ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केले. एका ठरावानिशी मंडळीच्या मंडळी काँग्रिगेशनलच्या मेथडिस्ट झाल्या. बाके तीच, घंटा तीच, गीतेही बव्हंशी तीच. १९४७ मध्ये दक्षिण भारतात सी.एस.आय. आणि १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हाही असेच मोठ्या प्रमाणावर घडले : माणसे जागची हलली नाहीत, फलक बदलला.

अशा परिस्थितीत एखादी व्यक्ती स्वतःहून, स्वतःच्या विचाराने, एका मंडळीतून दुसरीकडे सरकते तेव्हा त्याची नोंद कुठे होणार? सरकारी कायद्याला 'ख्रिस्ती' एवढा एकच रकाना पुरेसा होता. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही पक्षकार ख्रिस्ती आहे काय एवढेच आधी पाहतो; तो कोणत्या वर्षी कोणत्या शंकेने बेचैन होता हे पाहण्याचे त्याला कारण नाही. दुसरा बाप्तिस्मा नाही, म्हणून नोंदवहीत ओळ नाही. वृत्तपत्रात ओरड नाही, म्हणून कात्रण नाही. उरतात ती पत्रे, गीते, भाषांतरे. येथे इतिहासकाराचे साधन संपते आणि साहित्याच्या अभ्यासकाचे काम सुरू होते.

नीळकंठशास्त्री, नंतरचे फादर नेहेम्या गोऱ्हे, हे या प्रवासाचे पहिले मोठे उदाहरण. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा, वाढ काशीत, घर चित्पावन आणि घरची भाषा मराठी. मिशनऱ्यांचे खंडन करण्यासाठी त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास सुरू केला, आणि खंडन करता करता स्वतःच डगमगले, हा भाग सर्वश्रुत आहे. १८४८ मध्ये जौनपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वळणाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सोसायटी अँग्लिकन चर्चच्या 'इव्हँजेलिकल' बाजूची : धर्मग्रंथ, व्यक्तिगत पश्चात्ताप आणि प्रवचन यांवर भर देणारी, विधी आणि पुरोहित यांना बेताचेच स्थान देणारी. गोऱ्ह्यांसारख्या नैयायिकी बुद्धीच्या माणसाला तिथे एक अडचण सतत टोचत राहिली. प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचायचा आणि स्वतः अर्थ लावायचा, तर दोन प्रामाणिक वाचकांचा अर्थ जुळला नाही तर निर्णय कोणी द्यायचा? प्रमाण कोणते? काशीत शिकलेल्या माणसाला 'प्रमाण' हा शब्द हलका नव्हता. या प्रश्नाने त्यांना अँग्लिकन चर्चच्याच दुसऱ्या टोकाकडे नेले, म्हणजे प्राचीन धर्मसभांचा, धर्मगुरुपरंपरेचा आणि संस्कारविधींचा अधिकार मानणाऱ्या 'हाय चर्च' पक्षाकडे. १८७० च्या दशकात ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यासीसंघात नवशिष्य म्हणून दाखल झाले. ज्याने १८६० मध्ये 'षड्दर्शनदर्पण' लिहून हिंदू दर्शनांची छाननी केली, त्या माणसाला अखेर आधार वाटला तो पुन्हा परंपरेचा आणि आचार्यांचाच. याला विसंगती म्हणण्याचा मोह होतो. पण ती विसंगती नाही. प्रमाण शोधणारा माणूस ते सापडेपर्यंत चालत राहिला, इतकेच.

आणि याच गोऱ्ह्यांच्या हातून रमाबाई ख्रिस्ती झाल्या, असे म्हणण्याइतका त्यांचा या घटनेत वाटा आहे. रमाबाईंनी आपल्या १९०७ च्या इंग्रजी निवेदनात स्वतःच ते ऋण मान्य केले आहे. गोऱ्ह्यांच्या युक्तिवादापेक्षा त्यांच्या विनम्र स्वराने आपले मन जिंकले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. गोऱ्हे प्रमाण सांगत होते. रमाबाई स्वर ऐकत होत्या. पुढच्या सगळ्या तंट्याचे बीज इथे आहे.

रमाबाईंच्या पूर्वचरित्रात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. कर्नाटकातील गंगामुळाच्या अरण्यात १८५८ मध्ये झालेला जन्म, अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला शिकवलेले संस्कृत, दुष्काळात आईबापांचा मृत्यू, कलकत्त्यात मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, बिपिनबिहारी दास यांच्याशी विवाह आणि दोनच वर्षांत वैधव्य हे सारे वाचकांना परिचित आहे. मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ नये. १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांच्या मागे एक पंथांतर आधीच घडलेले होते. कलकत्त्यातील ब्राह्मो मंडळींच्या सहवासात मूर्तिपूजा आणि पुरोहित हे दोन्ही त्यांच्या मनातून उतरले होते. एक ईश्वर, बुद्धीला पटणारा, हे तत्त्व तेवढे उरले होते. हे तत्त्व त्यांनी वाँटेजच्या वाटेवर टाकून दिले नाही. ते सामानात बरोबर गेले.

वाँटेज येथील 'सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन भगिनीसंघात २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. हा संघ हाय चर्च वळणाचा : विधी, व्रते, आज्ञापालन. रमाबाईंची धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या 'आजीबाई' म्हणत. मराठी घरातले हे नाते इंग्लंडच्या त्या मठात नेऊन बसवण्यात जी आपुलकी आहे ती कृत्रिम नाही. दोघींच्या पत्रांत ती शेवटपर्यंत दिसते. पण आजीबाईंची अपेक्षा होती की नवदीक्षिताने आधी मान तुकवावी, समज मागाहून येईल. आणि रमाबाईंचे सारे आयुष्य याच्या नेमके उलट घडले होते.

तंट्याचे विषय वरवर पाहता लहानसहान होते. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत? अंडे घातलेले पदार्थ खाल्लेच पाहिजेत काय? चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असताना पुरुषांना शिकवण्याची संधी आली, तर भारतातील बिशपांनी ती अयोग्य का ठरवावी, आणि त्यांना विचारायला गेले कोण? मनोरमेला कोणते धर्ममत शिकवायचे हे आईने ठरवायचे की संघाने? यांतील प्रत्येक प्रश्न सुटा घेतला तर क्षुल्लक आहे. एकत्र वाचले की त्यांच्यामागचा एकच प्रश्न वर येतो. माझ्या विवेकाची किल्ली कोणाकडे?

मुख्य धर्मशास्त्रीय वादही त्याच प्रश्नाभोवती फिरला. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रेषितांचा मतांगीकार आपण मान्य केला, तो साधा आणि पुरेसा आहे, असे रमाबाईंचे म्हणणे. परंतु अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा, त्रैक्याची बारीक व्याख्या करणारा आणि ती न मानणाऱ्यास शाश्वत विनाश सांगणारा मतांगीकार मान्य करावयास त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीपासून जन्म, या सर्वांवर त्यांनी शंका उपस्थित केल्या, आणि त्या ख्रिस्ती राहूनच उपस्थित केल्या. मे १८८५ च्या एका प्रसिद्ध पत्रात त्यांनी जेराल्डिनना जे कळवले त्याचा आशय असा : स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्याची माझी इच्छा नाही. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिआ बील यांनी मात्र दुसरा मार्ग धरला. त्यांनी आज्ञा केली नाही. वाद घातला, ग्रंथ सुचवले, स्वतःच्या शंकांचीही कबुली दिली. त्यांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाईंचे गद्य एकदम मोकळे होते, हे कोणाही सावध वाचकाच्या लक्षात यावे. जेराल्डिनना लिहिताना त्या स्वतःचा बचाव करतात, बीलना लिहिताना विचार करतात.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या चर्चच्या दृष्टीने ही यात्रा धोक्याची होती, आणि भीती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेत राजसत्तेचे चर्च नाही, एका गावात दहा पंथ शेजारी शेजारी नांदतात आणि कोणताही कोणाला करभार देत नाही, या गोष्टीचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. १८८९ च्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात तेथील धर्मपंथांविषयी त्या ज्या आदराने लिहितात, तो केवळ प्रवाशाचा आदर नाही. वाँटेजला दिलेले ते लांबणीवर पडलेले उत्तर आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल होते, आणि त्याच व्यासपीठावर एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते. त्रैक्य मानणारा आणि न मानणारा दोघे एका विधवागृहासाठी एकत्र बसले होते. मुंबईस ११ मार्च १८८९ रोजी उघडलेले शारदा सदन हे या एकत्र बसण्याचे फळ होय.

इथवरचा प्रवास पाहून कोणी म्हणेल की रमाबाई हळूहळू ब्राह्मो वळणाच्या बुद्धिवादी ईश्वरवादाकडे परतत होत्या. तसे झाले असते तर पुण्याच्या सुधारकांना ते सोयीचे झाले असते. पण प्रवासाने भलतेच वळण घेतले. १८९० नंतरच्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त पडले. हा हॅस्लम मूळचा हाय चर्चचा, विधिनिष्ठ अँग्लिकन. स्वतःच्याच प्रवचनाने, स्वतःच्याच व्यासपीठावर, त्याचे अंतःपरिवर्तन झाले अशी त्याची कथा आहे. धर्मोपदेशकाला जर धर्मोपदेशक असताना ख्रिस्त भेटलेला नसतो, तर मला भेटला आहे काय, हा प्रश्न रमाबाईंपुढे उभा राहिला. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निर्वाळा त्या पुढे देतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांनी हा दुसरा उंबरठा ओलांडला. पाणी नाही, नोंदवही नाही, धर्मगुरू नाही. एका पुस्तकाचे वाचन एवढीच बाह्य घटना.

याचे पडसाद मात्र लगेच उमटले. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. आपले इतिहासलेखन या प्रकरणाकडे 'हिंदू समाज विरुद्ध ख्रिस्ती रमाबाई' अशाच चष्म्यातून पाहत आले आहे. पण १८८९ च्या रमाबाई आणि १८९३ च्या रमाबाई एकाच अर्थाने ख्रिस्ती नव्हत्या. सदनाची सर्वधर्मतटस्थ घटना मान्य करताना त्या एका प्रकारच्या ख्रिस्ती होत्या. त्यांच्या प्रार्थनेला मुली आकृष्ट होऊ लागल्या तेव्हा त्या दुसऱ्या प्रकारच्या झाल्या होत्या. हे मधले स्थित्यंतर ज्यांनी हिशेबात घेतले नाही, त्यांना एक तर रमाबाई लबाड वाटतात किंवा सल्लागार मंडळ संकुचित. दोन्ही निष्कर्ष उथळ आहेत.

पुढे केडगावला 'मुक्ती' उभी राहिली ती कोणत्याही मिशनच्या छत्राखाली नव्हे. पगार नाही, ठरीव देणगी नाही, प्रार्थना आणि येईल ते धान्य. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा आदर्श समोर. १९०५ मध्ये तिथे जो आध्यात्मिक उद्रेक झाला त्याने सुशिक्षित ख्रिस्तीही बिचकले. मुली रात्ररात्र मोठ्याने रडत, एकाच वेळी प्रार्थना करीत. मेथडिस्ट मिशन सोडून मुक्तीत आलेल्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिली देशात पोहोचली, आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीच्या उगमाशी तिचे नाव जोडले जाते. केडगावच्या माळावरून सँटियागोपर्यंत! मराठी समीक्षेने हा धागा कधी हाती घेतला नाही. भावनातिरेकाची आपल्याला वाटणारी लाज हे त्याचे एक कारण असावे.

मला स्वतःला रमाबाईंच्या या पंथांतराचे सर्वांत ठळक प्रमाण त्यांच्या बायबलच्या मराठी भाषांतरात दिसते. प्रचलित भाषांतर पंडिती होते, संस्कृतप्रचुर होते. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, आणि लिहिले ते दुष्काळात वाचलेल्या खेडवळ मुलीला कळेल अशा मराठीत. ज्या शब्दांना जुन्या देवधर्माचा वास येतो ते त्यांनी कटाक्षाने वगळले. वाङ्मयीन निकषावर हे भाषांतर सर्वत्र उतरते असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कटाक्षापायी वाक्य रखडते, आणि संस्कृतावरचा बहिष्कार कधी कधी हट्टाला पोहोचतो. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी स्त्री हीच काय, असा प्रश्न पडतो. हीच. १८८४ च्या सुमारास संस्कृत ही त्यांची लॅटिनविरुद्धची ढाल होती. आता ढालीची गरज उरली नव्हती. आता मध्ये कोणी नको होते, ना पुरोहित, ना पंडित, ना स्वतःचे पांडित्य. पंथ बदलला तो असा शब्दकळेतून दिसतो.

टिळकांचे पंथांतर त्या मानाने उघड आहे, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहितो. १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतानाच तो भारतीय पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी सुमारे दोन दशके शिक्षक, कवी, संपादक आणि दीक्षित पाळक म्हणून काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली, सातारा गाठले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात बसू शकत. गोऱ्ह्यांना अधिकार हवा होता, रमाबाईंना अंतःसाक्ष हवी होती. टिळकांना वारकऱ्यांचा सहवास हवा होता. नोंदवहीचा उंबरठाच त्यांनी काढून टाकला. मिशनने त्यांचा सन्मान राखला, टिळकांनीही मिशनविषयी कटुता धरली नाही. पण पगार गेला, घर गेले, वय उतरले होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त टिळकांच्या अशा सोडचिठ्ठ्यांचा संसारावर काय परिणाम होई ते विनोदाच्या पदराआड दिसते. धर्मांतराच्या वेळी पत्नी पाच वर्षे दुरावली, हे सर्वांना आठवते. या वेळी ती बरोबर होती, आणि दरबाराचे उत्पन्न काय, हा प्रश्नही तिच्याच पदरात होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले; दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांच्या अभंगांना 'ख्रिस्ती भक्तिकाव्य' अशी चिठ्ठी लावून आपण ते वेगळ्या फडताळात ठेवले. त्यांतील ज्ञानोबा-तुकोबांचे वळण हा केवळ छंदाचा प्रश्न आहे असे मानले गेले. दरबाराच्या संदर्भात ते वाचले म्हणजे दिसते की हा अभंग मिशनच्या उपासनागृहातून बाहेर पडण्यासाठी टिळकांनी शोधलेला दरवाजा होता.

या तीनही प्रवासांत एक गोष्ट समान आहे, आणि ती किमतीची आहे. पहिल्या वेळी माणूस समाज गमावतो, पण त्याच्यासाठी दुसरा समाज दार उघडून उभा असतो : मिशनचे घर, शाळा, पगार, प्रार्थनेला बाकावर जागा. दुसऱ्या वेळी दार उघडून कोणी उभे नसते. जुन्या समाजाला तो आधीच मेलेला असतो. नव्या समाजाला तो कृतघ्न वाटतो. वाँटेजमध्ये रमाबाईंविषयी हाच शब्द मनात आला असणार, आणि तो अगदी अन्यायाचा होता असेही म्हणवत नाही. संघाने त्यांना आसरा दिला होता, शिक्षणाची सोय केली होती, मुलीला जीव लावला होता.

जेराल्डिन यांनी हे सारे मनाला लावून घेतले, आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ आपल्याला झाला. रमाबाईंची, स्वतःची, बीलबाईंची आणि गोऱ्ह्यांसह इतरांची पत्रे त्यांनी जुळवली, हाताने उतरवली, जागोजाग स्वतःचे खुलासे जोडले. काही ठिकाणी ते खुलासे कडवट आहेत. शिष्या हातची गेली याचे दुःख त्यांत लपत नाही. पण आपल्या विरोधात जाणारी पत्रे त्यांनी गाळली नाहीत. हा संग्रह १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. जोखडाविषयीचे ते १८८५ चे पत्र आज आपण वाचू शकतो ते ज्या बाईंना ते लिहिले गेले त्यांनीच जपून ठेवल्यामुळे. मतभेद विकोपाला गेल्यानंतरच्या पत्रांतही रमाबाई त्यांना पूर्वीच्याच नावाने हाक मारतात : आजीबाई.